जाळी विणणाऱ्या घराण्याचा इतिहास कसा लिहावा: आधी सूत, मग वह्या, मग आठवणी

मासेमारीची साधने बनवणाऱ्या कुटुंबाचा इतिहास लिहायला बसले की पहिल्या दिवशी टेबलावर दोनच गोष्टी येतात: मूळपुरुषाचा फोटो आणि ‘स्थापना’ छापलेले लेटरहेड. दोन्ही बाजूला ठेवा आणि गोदामात जा. फोटोतला माणूस नेमके काय विकत होता हे फोटोतून कळत नाही. लेटरहेडवरची तारीखही बऱ्याचदा कुणीतरी छापखान्यात तोंडी सांगितलेली असते. जाळ्याचा जुना तुकडा मात्र मोजता येतो, तोलता येतो आणि तो कुणाची बाजू घेत नाही.

खालची उदाहरणे जाळ्यांची आहेत. गळ, दोर, बोये (जाळे तरंगते ठेवणारे गोळे) किंवा सापळे बनवणाऱ्या घराण्यालाही क्रम हाच, मोजमापे तेवढी बदलतील.

सुरुवातीलाच एक फरक पक्का करून घ्या. यंत्रावरून किंवा सुईवरून उतरते ती जाळी. तिला वरचा दोर, खालचा दोर, बोये आणि शिसे लागले की ते जाळे. कित्येक घराण्यांनी वर्षानुवर्षे नुसती जाळी विकली आणि बांधणी ग्राहकावर सोडली, तर काहींनी दोन्ही केले. वह्यांत मात्र दोन्हींना एकच शब्द सापडतो. एकच माल एकदा जाळी म्हणून आणि पुन्हा जाळे म्हणून मोजला गेला, की उत्पादन कागदावर दुप्पट होते आणि ते आकडे पुढे सगळ्या पुस्तकभर फिरतात.

गोदामातला माल वाचणे

काहीही हलवण्याआधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. क्रमांक कापडी पट्टीवर लिहून सुती दोऱ्याने बांधा. चिकटपट्टी नको, कारण डांबरावर ती टिकत नाही आणि नायलॉनवर गोंद सोडून जाते. हातात नायट्राइल मोजे हवेतच. जुन्या जाळ्यांत कोल टार (दगडी कोळशाचे डांबर) किंवा त्यातूनच निघणारे क्रिओसोट असते, खालच्या दोरात शिसे असते. शिशावरची पांढरी भुकटी फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

मग आस, म्हणजे जाळीचे एकेक भोक, मोजा. जाळी लांबीच्या दिशेने ताणून धरा. एका गाठीच्या मध्यापासून सलग १० आस मोजून शेवटच्या गाठीच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या आणि १० ने भागा. ५०८ मिमी आले तर आस ५०.८ मिमीचा, म्हणजे २ इंची. असे तीन वेगवेगळ्या ठिकाणी करा. कडेच्या जाड ओळी सोडून द्या.

इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण ‘आस’ म्हणून तीन वेगळी मापे वापरात होती. पहिले ताणलेल्या आसाचे, गाठीच्या मध्यापासून समोरच्या गाठीच्या मध्यापर्यंत. दुसरे आतल्या मोकळ्या जागेचे, दोन गाठींमधले. नियमांत बहुधा हेच धरतात, आणि ते पहिल्यापेक्षा एका गाठीच्या जाडीइतके कमी येते. तिसरे एका बाजूचे, गाठ ते शेजारची गाठ. ते पहिल्याच्या बरोबर निम्मे. जुन्या व्यवहारात एका यार्डात किती गाठी बसतात यावरूनही जाळी ओळखत. यार्डात ३६ म्हणजे बाजू १ इंच आणि ताणलेला आस २ इंच. वहीतला ‘१ इंच’ हा बाजूचा की ताणलेला हे न तपासता लिहिले, की मोठे मासे पकडणाऱ्या जाळ्यांचा कारखाना तुमच्या पुस्तकात बारीक मासळीचा होऊन बसतो.

सुती जाळी पाण्यात आणि रंगवताना आटते. त्यामुळे आजचे माप मागणीतल्या मापापेक्षा कमी भरले तर कारागिराला दोष देऊ नका. ‘मोजलेला आस’ आणि ‘नोंदीतला आस’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. दोघांची सरासरी कधीही काढू नका.

सुताची जाडी कॅलिपरने मोजून फार हाती लागत नाही, कारण सूत दाबले जाते. वजन घ्या. १० मीटर सुटे सूत ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला, ३.१ ग्रॅम भरले तर १००० मीटरला ३१० ग्रॅम, म्हणजे ३१० टेक्स. डेनियर म्हणजे ९००० मीटरचे ग्रॅम, त्यामुळे १ टेक्स ९ डेनियरचा. नायलॉनच्या जाळ्यांवर ‘२१०/१२’ असे दिसते: २१० डेनियरचे १२ धागे, एकूण २५२० डेनियर, म्हणजे २८० टेक्स. प्रत्यक्ष वजन त्याहून काहीसे जास्त येणारच, पिळात लांबी जाते. सुती धाग्याचा हिशेब उलटा चालतो: इंग्रजी काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात. आकडा मोठा तितका धागा बारीक. टेक्ससाठी ५९०.५ ला काउंटने भागा; २० काउंटचा धागा साडेएकोणतीस टेक्सचा. हे उलटेपण ज्याला माहीत नाही, तो सुती आणि नायलॉनच्या नोंदी एका आलेखावर टाकून भलताच निष्कर्ष काढतो.

सूत कशाचे, हे ओळखणे

आधी पाण्याची चाचणी. सुताचा दोन सेंटिमीटरचा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या गोड्या पाण्यात बुडवून बोटांनी चोळा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. पॉलिप्रॉपिलीन (घनता ०.९१) आणि पॉलिएथिलीन (०.९५) वर येतात. नायलॉन (१.१४), पॉलिएस्टर (१.३८) आणि कापूस (सुमारे १.५) तळाला जातात.

मग जाळून पाहा. उघड्यावर, धातूच्या ताटलीत, चिमट्यात धरून. कापूस, ताग आणि अंबाडीवर्गीय धागे कागदासारखे जळतात आणि मऊ राख सोडतात. नायलॉन वितळून आक्रसतो आणि त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टरही वितळतो, पण काळा काजळीदार धूर देतो. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन मेणबत्तीसारखे जळतात, वासही मेणाचाच. डांबर चढलेल्या तुकड्यावर दोन्ही चाचण्या फसतात. अशा वेळी गाठीच्या आतले, डांबर न पोहोचलेले तंतू काढून बघा.

दोन जातींचे नायलॉन अशाने वेगळे करता येत नाही. तापमान मोजणारे उपकरण हाताशी असेल तर नायलॉन ६ सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळते आणि नायलॉन ६६ सुमारे २६० ला. कच्चा माल कुठल्या पुरवठादाराकडून येत होता याचा माग काढायचा असेल तरच ही खटपट करा.

आता तारखा. नायलॉन १९३५ मध्ये ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने तयार केला, १९३८ मध्ये तो जाहीर झाला. त्याच वर्षी जर्मनीत पाउल श्लाक यांनी नायलॉन ६ केला. युद्धात हा धागा पॅराशूट आणि दोरांकडे वळला आणि मासेमारीच्या जाळ्यांत तो मोठ्या प्रमाणावर आला १९५० च्या दशकात. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा. जाळ्या-दोरांना चालणारे जास्त घनतेचे पॉलिएथिलीन कार्ल त्सिग्लर यांच्या १९५३ च्या कामातून आले आणि पॉलिप्रॉपिलीन १९५७ पासून बाजारात आले. म्हणजे घरचे म्हणतात तो ‘१९४८ चा पिवळा तरंगणारा दोर’ पॉलिप्रॉपिलीनचा निघाला, तर आठवण किमान नऊ वर्षे सरकवावी लागेल.

या तारखा ‘याआधीचे नाही’ एवढेच सांगतात; त्यांवरून ‘याच वर्षीचे’ असे म्हणता येत नाही. नायलॉन आला म्हणून कापूस दुसऱ्या दिवशी बंद झाला नाही. साठा संपेपर्यंत दोन्ही शेजारी विकले गेले. आणि एका जाळ्यात दोन काळ असू शकतात: सुती जाळ्यावर नायलॉनचे ठिगळ असेल तर ती डागडुजी आहे, जाळ्याचे वय ठिगळावरून ठरवू नका. नमुना नेहमी कडेच्या ओळीतून आणि मधून असा दोन्हीकडून घ्या.

गाठ बघताना भिंग हवे. हातविणीत जाळीला आकार देताना ओळीत आस वाढवलेले आणि घटवलेले दिसतात. यंत्राची जाळी सरळ थानात निघते आणि आकार नंतर कातरीने येतो. कातरलेली तिरकी कड आणि तिला घातलेली शिवण दिसली तर माल यंत्राचा, बांधणी हाताची. गाठ दुहेरी आहे का तेही पाहा. कापसाला साधी गाठ पुरते, कारण त्याचे तंतू एकमेकांना धरतात आणि ओले झाल्यावर घट्ट होतात. गुळगुळीत नायलॉनवर तीच गाठ घसरते, आस लहानमोठे होतात. कापसाच्या यंत्रांवर नायलॉन चढवणाऱ्या कारखान्यांचे पहिले माल याच कारणाने परत आले असणार, हे गृहीत धरून तक्रारींची पत्रे शोधा. पुढे दुहेरी गाठ, राळेचा लेप आणि ताणून उष्णता देणे हे उपाय आले. यंत्राच्या सुट्या भागांच्या खरेदीत, किंवा वाफेच्या भट्टीच्या बिलात, हे वळण नेमके सापडते. आमच्या मते अशा इतिहासातले सर्वांत मोलाचे प्रकरण हेच, आणि ते बहुधा एका ओळीत उरकलेले असते.

वह्या

आधी सर्व वह्यांची यादी करा, वाचायला नंतर घ्या. पान फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका. अक्षरी पाने ३०० डीपीआयवर आणि फोटो ६०० वर स्कॅन करा. फॅक्स आणि पावत्यांचा उष्णतेने छापलेला कागद सगळ्यात आधी घ्या, तो पुसट होत जातो. निळ्या नकाशांना उजेड लागू देऊ नका. जुन्या पत्रव्यवहाराच्या नकलाबुकांत पातळ कागदावर ओल्या दाबाने उमटवलेली पत्रे असतात. त्यांची शाई पाण्याला भिते, म्हणून ओला हात नको.

कामाचा खजिना म्हणजे कच्चा माल देण्याघेण्याची वही. जिथे जाळी घरोघरी विणायला दिली जात, तिथे कारखान्यातून सूत तोलून जाई आणि जाळी तोलून परत येई. दोन वजनांतली तूट म्हणजे तुकडे आणि वाया गेलेले सूत. काही नोंदींत परत आलेले वजन जास्त दिसते. ती लबाडी नसून ते वजन डांबर किंवा रंग चढवल्यानंतर घेतलेले असते. हे कळले की त्या गावात रंगाची कढई कुठे होती हा पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो.

रंगाच्या खरेदीकडे दुर्लक्ष करू नका. सुती जाळे कुजते म्हणून ते कातात किंवा सालींच्या काढ्यात उकळत. खैराचा कात या कामासाठी दूरदूर जात असे. पोटॅशियम डायक्रोमेट किंवा मोरचूद खरेदीत दिसले तर कात पक्का करण्याची प्रक्रिया कारखान्यातच होत होती. ही खरेदी हळूहळू आटून बंद झाली, त्या काळात कारखाना कापूस सोडून नायलॉनकडे वळला असे समजा. नायलॉन कुजत नाही, त्याला कात लागत नाही. नायलॉनच्या पहिल्या बिलापेक्षा काताचे शेवटचे बिल जास्त भरवशाचे, कारण पहिले बिल नुसत्या चाचणीच्या मालाचेही असू शकते.

मागणीवहीत जाळ्याचे वर्णन अर्धवट असेल तर ते भरून काढता येते. ताणलेल्या जाळीच्या लांबीशी दोराच्या लांबीचे गुणोत्तर म्हणजे बांधणीचे गुणोत्तर. १०० मीटर ताणलेली जाळी ५० मीटर दोरावर बांधली तर ०.५, गिलनेटला (मासे कल्ल्यांनी अडकतात अशा जाळ्याला) हे नेहमीचे. खोली काढायची तर ताणलेल्या खोलीला एकातून गुणोत्तराचा वर्ग वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गमुळाने गुणा. ५० मिमीचे १०० आस म्हणजे ताणून ५ मीटर, गुणोत्तर ०.५ असेल तर पाण्यात ४.३३ मीटर. घरच्या कागदांत हेच जाळे ‘५ मीटरचे’ आणि गिऱ्हाइकाच्या पत्रात ‘सव्वाचार मीटरचे’ असेल, तर दोघेही खरे बोलत आहेत. फॅदम हे खोलीचे जुने माप दिसले तर १.८३ मीटर धरा.

स्थापनेच्या तारखा

एक तारीख शोधू नका, तीन शोधा: गावात तो धंदा कधीपासून होता, पेढी कधी निघाली आणि आज ज्यासाठी ती ओळखली जाते तो माल कधी सुरू झाला. इंग्लंडमधल्या ब्रिडपोर्टला दोर वळण्याचे काम मध्ययुगापासून होते, गन्ड्री घराण्याची जाळ्या-दोरांची पेढी १६६५ ची. नॉर्वेतली मुस्टाड ही कुटुंबाची कंपनी १८३२ पर्यंत मागे जाते, पण सुरुवात खिळे आणि तारेची होती. गळ यंत्रावर बनू लागले ते १८७७ मध्ये. ‘१८३२ पासून गळ’ असे कुणी लिहिले तर ते पंचेचाळीस वर्षांनी चुकले. तुमच्या घराण्यातही आधी दोर, मग जाळी, मग बोये असा क्रम असू शकतो आणि पाटीवर मात्र पहिली तारीख आणि शेवटचा माल.

पेटंटचा क्रमांक सापडला तर अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख वेगळ्या लिहा, मध्ये दोन-चार वर्षे सहज जातात. ‘जगातले पहिले’ या दाव्याबाबत विशेष सावध राहा. जाळी विणण्याचे यंत्र स्कॉटलंडमधल्या मसलबरा इथे जेम्स पॅटर्सन यांनी १८२० च्या सुमारास चालवले होते, काचेचे बोये नॉर्वेत १८४० च्या दशकात आले आणि जाळे वर ओढणारा यांत्रिक पॉवर ब्लॉक मारिओ पुरातिच यांनी १९५० च्या दशकात आणला. यांपैकी काही आपल्या आजोबांनी आधी केले असे घरात बोलले जात असेल, तर त्याला कागद हवा. ‘आपल्या बंदरातले पहिले’ हे बहुधा सिद्ध करता येते, आणि वाचायलाही तेच जास्त रंजक असते.

विक्री का कोसळली

अशा धंद्याचे चढउतार मालकांच्या स्वभावाने समजावून सांगायची घरोघरी सवय असते: थोरले काटकसरी, धाकटे उधळे. खरे तर जाळीवाल्याचे नशीब समुद्रावरच्या नियमांना आणि मासळीला बांधलेले असते. आधी वार्षिक विक्रीचा आलेख काढा, मग त्याच्या शेजारी बाहेरच्या घटना मांडा. १९७० च्या दशकात देशोदेशींनी २०० सागरी मैलांपर्यंत हक्क सांगितले आणि दूरच्या पाण्यात जाणारे ताफे आटले. बोटीमागून ओढायच्या मोठ्या ट्रॉल जाळ्यांच्या मागण्या त्यांच्याबरोबर गेल्या. जुलै १९९२ मध्ये कॅनडाने न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९१ च्या ठरावाने खुल्या समुद्रातल्या मोठ्या ड्रिफ्टनेटवर (प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या जाळ्यांवर) १९९२ अखेरपासून स्थगिती आली. निर्यात करणाऱ्या कारखान्याच्या वहीत यांपैकी एखादी तारीख खड्ड्यासारखी दिसेल.

उलट दिशेचे कारणही तपासा. नायलॉनचे जाळे कापसाच्या जाळ्यापेक्षा कितीतरी पट टिकते. गिऱ्हाईक खूश असते, पण परत यायला वेळ लावते. माल चांगला झाला म्हणून विक्री घटली, हे वाक्य घरच्यांना पटत नाही, पण डागडुजीचे सूत आणि नवी जाळी यांची विक्री वेगवेगळी मांडली की दिसून येते. आणि हरवलेले नायलॉनचे जाळे तळाशी मासे मारत राहते, हेही त्या टिकाऊपणाचेच दुसरे टोक. ते इतिहासातून गाळू नका.

आठवणी, सर्वांत शेवटी

मुलाखती आधी घेतल्या तर तुम्ही ‘पूर्वी कसे होते?’ असे विचाराल आणि उत्तरही तितकेच मोघम येईल. मोजमापे आणि वह्या झाल्यावर प्रश्न धारदार होतात: ‘१९६१ मध्ये काताची खरेदी थांबली, त्या कढईचे काय केले?’

विणणाऱ्या माणसाच्या हातात सुई, आसाचे माप राखणारी पट्टी आणि सूत द्या आणि कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता हातांवर ठेवा. बोटे जे दाखवतात ते पुष्कळदा शब्दांत येत नाही: सूत कुठल्या बोटावर दाबले, गाठ कशी ओढली, पट्टीवरून किती आस एकदम काढले. सूत त्या काळचे हवे; कापसावर शिकलेल्या हाताला चकचकीत नायलॉन दिला तर त्याची लय बिघडते आणि चित्रीकरण निरुपयोगी होते. मजुरी नगावर होती की वजनावर, सूत कोण पोहोचवायचे, खराब माल परत आला तर भुर्दंड कुणाला, हे विचारा. ज्यांचे नाव लेटरहेडवर नाही अशा सुना, लेकी, शेजारणी यांच्यापासून सुरुवात करा. हिशेबाची वही कुणाच्या अक्षरात आहे हे पडताळले, तर ‘कारभार कोण पाहत होते’ याचे उत्तर अनेकदा बदलते.

आजोबा-नातवाचे एकच नाव असेल तर प्रत्येकाला वंशावळीतला क्रमांक द्या आणि शेवटपर्यंत तो पाळा. भाऊ वेगळे होऊन त्याच नावाच्या दोन पेढ्या झाल्या असतील तर कागद कुठल्या पेढीचा हे पत्त्यावरून आणि फोन क्रमांकाच्या अंकांवरून ठरवा. मुलाखत छापण्याआधी लेखी परवानगी घ्या, विशेषतः यंत्रावरचे अपघात आणि वाटणीची भांडणे यांबाबत.

लिहिताना प्रकरणे पिढ्यांप्रमाणे पाडू नका, मालाप्रमाणे पाडा: ताग आणि कापूस, नायलॉनचे वळण, ट्रॉलची जाळी, आणि शेवटी काय बंद पडले ते. माणसे त्यात आपोआप येतात, आणि ज्या काकांनी काहीच केले नाही त्यांच्यावर एक अख्खे प्रकरण खर्ची पडत नाही. प्रत्येक नमुन्याला शेवटी तीन ओळी द्या: आस आणि तो कसा मोजला, सूत आणि ते कसे ओळखले, तारीख आणि ती कशावरून. ‘कशावरून’ रिकामे राहिले तर तारीख छापू नका.

नमुने ठेवताना नायलॉन उन्हापासून दूर ठेवा, अतिनील किरणांनी तो ठिसूळ होतो. जाळी घडी घालून न ठेवता आम्लविरहित कागदाच्या नळीवर सैल गुंडाळा. शिसे आणि गंजलेल्या कड्या वेगळ्या डब्यात, पण त्याच क्रमांकाने ठेवा. डांबर चढलेली अख्खी जाळी घरात नको. अर्ध्या मीटरचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून ठेवा आणि उरलेले घातक कचरा म्हणून द्या, जाळू नका.